कानात रोम, पायाखाली ब्रह्मपुरी

दिवाळीच्या सुट्टीत माझा आत्तेभाऊ रोमला जाऊन आला. म्हणाला, "गाईड नाही, काही नाही. मोबाईलवर टूर उतरवून घेतली, इअरफोन घातले आणि फोरमच्या अवशेषांतून तीन तास एकटाच फिरलो. इथं थांब, डावीकडे बघ, असं एक बाई कानात सांगत होती." ऐकून मी हेव्याने गार!

मग लायब्ररीत एक पुस्तक चाळताना माझीच मला लाज वाटली. पंचगंगेकाठच्या आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. सातवाहन काळातली विटांची घरं निघाली. याच टेकडीवर सापडली पोसायडनची, म्हणजे समुद्रदेवाची, छोटीशी रोमन ब्राँझ मूर्ती. ती आज टाऊन हॉल म्युझियमच्या संग्रहात आहे. पहिल्या शतकात रोमचा प्लिनी कुरकुरत होता, की भारत दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स घेऊन जातो. त्या व्यापाराची एक खूण आपल्या गावात!

रूममेटला सांगितलं, तर म्हणतो, "ब्रह्मपुरी? ती चंद्रपूरकडची ना?" तीन वर्षं कोल्हापुरात राहतोय लेकाचा! रंकाळ्यावरची भेळ पाठ, पण ब्रह्मपुरी माहीत नाही.

काहीजण म्हणतील, तिथं बघण्यासारखं आहे काय? वर घरं झालीत. अहो, म्हणूनच तर सांगणारा आवाज पाहिजे! रोममध्ये खांब उभे आहेत, ते स्वतःच बोलतात. आपल्याकडची माती गप्प आहे.

म्हणून एका रविवारी मी मोबाईलवर आठ मिनिटांचं मराठी रेकॉर्डिंग केलं आणि ते ऐकत नदीकडे गेलो. घाटावर धुणं धुणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "काय ऐकतोस रं पोरा?" मी एक इअरफोन त्यांना दिला. ऐकून त्या म्हणाल्या, "एवढ्या लांबचा देव हितं आलता? आनि आमास्नी कुनी सांगितलंच न्हाई!"

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. इतिहास सापडून ऐंशी वर्षं होत आली आणि तो पुस्तकाच्या कपाटातून घाटापर्यंत उतरलेला नाही. ही चूक मावशींची नाही, वाचता येणाऱ्या आपली आहे.

माझं म्हणणं एवढंच, की आपण हॉस्टेलवाल्यांनी ही टूर नीट तयार करावी. टेकडी, घाट, टाऊन हॉल. आवाज आपला, भाषा मराठी. फक्त फेकाफेकी नको! मूर्ती आली म्हणजे रोमन माणसं इथं राहायला आली, असं होत नाही. सिद्ध झालंय तेवढंच सांगायचं. सर लोकांनी मिनी-प्रोजेक्टचे मार्क दिले तर उत्तमच, नाही दिले तरी चालेल.

आणि हो, दुसरा इअरफोन मोकळा ठेवा. शेजारी कुणीतरी ऐकायला उभं असतं.