पॉश नावाची थाप

‘पॉश’ शब्दाचा उगम मला ज्यांनी ज्यांनी ऐकवला, त्या प्रत्येकाने तो गुपित फोडल्याच्या थाटात ऐकवला. पी अँड ओ कंपनीच्या बोटीने मुंबईला येणारे बडे साहेब म्हणे सावलीकडच्या केबिन घेत. येताना डावी बाजू, विलायतेला परतताना उजवी. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’. ही आद्याक्षरं तिकिटावर उमटवलेली असत. झाला पॉश!

थाप आहे ही. असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही. ही कथा छापील दिसू लागते ती १९३५च्या सुमारास. शब्द मात्र १९१८ सालीच ‘पंच’ साप्ताहिकाच्या व्यंगचित्रात येऊन बसलेला होता. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी बोटीची व्युत्पत्ती केव्हाच बाजूला सारली. पण आमच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांना त्याचं काय? तिथे ‘न्यूज’ म्हणजे अजून चार दिशांची आद्याक्षरंच आहेत. नव्या गोष्टी म्हणून न्यूज, इतकं साधं उत्तर द्यायला मास्तरांना कमीपणा वाटत असावा.

मला राग थापेचा नाही, तिच्या चवीचा आहे. साहेबाला ऊन लागू नये म्हणून काय व्यवस्था होती, हे सांगताना आपल्याच माणसांचा ऊर भरून येतो. त्या बोटीच्या पोटात भट्टीत कोळसा ओढणारे खलाशी आपल्याकडचे होते. त्यांना ना डावी बाजू होती ना उजवी. त्यांच्यावरून कुणी शब्द पाडला नाही.

आणि खरा धागा? १८९०च्या एका इंग्रजी बोलीकोशात ‘पॉश’ म्हणजे पैसा, मुळात अर्ध्या पेनीचं नाणं; आणि दुसरा अर्थ, छानछोकी करणारा. रोमानी भाषेत ‘पाश’ म्हणजे अर्धा. रोमा लोक, म्हणजे ज्यांना युरोपने जिप्सी म्हणून गावाबाहेर हाकललं ते, मूळचे इथलेच. त्यांचा ‘पाश’ संस्कृत ‘पार्श्व’मधून आला, आपलं ‘माझ्यापाशी’मधलं ‘पाशी’सुद्धा तिथलंच. अर्ध्या पेनीपासून बंगल्यापर्यंत शब्द नेमका कसा चढला, याबाबत कोशकार ‘बहुधा’ म्हणून थांबतात. थांबावं कुठे हे त्यांना कळतं. पण भटक्यांची चिल्लर हे मूळ म्हणून सांगितलं, तर ‘पॉश एरियात टू बीएचके’ कोण घेणार?

गंमत म्हणजे आता आपल्याकडे खरोखरीच आद्याक्षरांचा पॉश आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७च्या विशाखा निकालानंतर तब्बल सोळा वर्षांनी, २०१३ साली, कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. त्याच्या लांबलचक अधिकृत नावात ‘पॉश’ कुठेच नाही. ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हरॅसमेंट’ची आद्याक्षरं घेऊन कचेऱ्यांनी दिलेलं ते लाडकं नाव. छळ शब्द तोंडात यायला नको, म्हणून सोय. ‘उद्या दुपारी पॉश आहे, सह्या करून जा, समोसे मागवलेत,’ असं मी या कानांनी ऐकलं आहे.