खरे बोलण्याची सक्ती हवी

संकटात सापडलेल्या कंपनीने जनतेशी कसे बोलावे, याचा आदर्श म्हणून व्यवस्थापनशास्त्रात टायलेनॉलचे उदाहरण हटकून दिले जाते. १९८२ साली अमेरिकेतील शिकागो परिसरात या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणी तरी सायनाइड मिसळले आणि सात जणांचा बळी गेला. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने हे औषध घेऊ नका, असे लोकांना जाहीरपणे बजावले, देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागविल्या आणि सुमारे १० कोटी डॉलरची झळ सोसली. पुढे अधिक सुरक्षित वेष्टनात औषध पुन्हा आले आणि गमावलेली बाजारपेठ त्याने बऱ्याच अंशी परत मिळविली. सचोटी अंती फायद्याचीच ठरते, असा बोध यातून काढला जातो.

हा बोध अपुरा आहे. विष कारखान्यात नव्हे, तर दुकानांत पोहोचलेल्या बाटल्यांत घातले गेले, असा तपासाचा निष्कर्ष होता. म्हणजे कंपनी स्वतःच त्या गुन्ह्याची बळी होती. दोष दुसऱ्याचा असताना खरे बोलणे खर्चाचे असेल, धोक्याचे नसते. खरी कसोटी लागते ती दोष आपल्या दारी येणार असेल तेव्हा.

ती दोनच वर्षांनी भोपाळमध्ये लागली. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. या वायूचा शरीरावर काय परिणाम होतो, हे त्या घटकेला डॉक्टरांना कळणे अत्यावश्यक होते. परंतु उपचार करणाऱ्यांना कंपनीकडून पुरेशी माहिती मिळाली नाही. पुढे कंपनीने घातपाताचा सिद्धांत लावून धरला, आणि १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

यात केवळ व्यक्तींचा दुष्टपणा पाहणे भाबडेपणाचे होईल. उद्या न्यायालयात प्रत्येक कबुली पुरावा म्हणून पुढे येणार असेल, तर वकिलाचा सल्ला मौनाचाच असणार. मौनाचा लाभ भागधारकांना होतो. त्याची किंमत मात्र कारखान्याशेजारची वस्ती मोजते. जेथे लाभ एकाचा आणि हानी दुसऱ्याची, तेथे बाजारपेठेच्या शिस्तीवर विसंबून चालत नाही.

म्हणूनच १९८७ साली कारखाने अधिनियमात झालेली दुरुस्ती महत्त्वाची होती. धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना, स्थानिक प्रशासनाला व आसपासच्या जनतेला दिलीच पाहिजे, असे बंधन तिने घातले. तारापूर, महाड, लोटे येथील रासायनिक वसाहतींशेजारी राहणाऱ्यांपर्यंत ही माहिती त्यांना समजेल अशा मराठीत पोहोचते काय, हे ग्रामपंचायतींनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी विचारले पाहिजे. दुर्घटनेनंतरच्या दिलगिरीपेक्षा दुर्घटनेआधीच्या माहितीचे मोल अधिक आहे. आणि ती माहिती हा कंपनीचा उपकार नसून नागरिकांचा हक्क आहे.