पतसंस्था, शाळा आणि सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना आवाहन

कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना जादा पडताळणी रिझर्व्ह बँकेने २००९ साली सक्तीची केली, आणि किरकोळ खरेदीलाही ओटीपी टाकणे आपल्या अंगवळणी पडले. मात्र ज्या ई-मेलमध्ये आणि क्लाउडवरच्या फोल्डरमध्ये सभासदांचे आधार, पॅन, ठेवींच्या याद्या आणि सभांची इतिवृत्ते आहेत, ते कितीतरी कार्यालयांत अजून नुसत्या पासवर्डवर उघडते. तो पासवर्डही बरेचदा मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर सापडतो. अशा प्रत्येक खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावा, आणि ती माणसागणिक लावा, अशी आपल्याला विनंती आहे.

‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय?’ हा प्रश्न हमखास येतो. चोर आधी संस्थेचा आकार पाहत नाही. फुटलेले पासवर्ड तो प्रोग्रॅम लावून हजारो खात्यांवर घाऊक चालवून बघतो. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीवर सायबर हल्ला झाला; चोर यंत्रणेत शिरले होते ते वापरात नसलेल्या एका व्हीपीएन (बाहेरून लॉगिन करण्याच्या) खात्यातून. पासवर्ड त्यांच्या हाती लागला होता आणि त्या खात्याला दुसरी पडताळणी नव्हती. पूर्व किनाऱ्याचा इंधनपुरवठा काही दिवस विस्कळीत झाला, कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी मोजली. २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या कंपनीतही चोर असेच, चोरलेला पासवर्ड वापरून, दुसरी पडताळणी नसलेल्या ठिकाणाहून शिरले. एवढ्या मोठ्या कंपन्यांचे एका सुट्या खात्यापायी असे होते, तर संगणकाचा स्वतंत्र माणूस नसलेल्या संस्थेने अधिकच जपायला हवे.

गावात रेंज नसते, ही अडचण खरी आहे, पण ती एसएमएसची. ऑथेंटिकेटर ॲप दर तीस सेकंदांनी बदलणारा कोड फोनमध्येच तयार करते. त्याला नेटवर्क लागत नाही. ‘कार्यालयाचे ॲप माझ्या फोनमध्ये का?’ ही कर्मचाऱ्याची तक्रार मला रास्त वाटते. त्याला संस्थेने आपल्या खर्चाने यूएसबी सुरक्षा-की घेऊन द्यावी. फोन हरवला तर? पर्यायी कोड आधीच छापून तिजोरीत ठेवा आणि प्रशासकाचे अधिकार दोघांकडे द्या. गुगल आणि मायक्रोसॉफ्टच्या सेवांत ही सोय चालू करायला वेगळे पैसे पडत नाहीत, त्यामुळे खर्चाची सबब फारशी टिकत नाही.

खरा घोळ पुढे आहे. एकच खाते चौघे वापरतात, ओटीपी सचिवांच्या मोबाइलवर येतो आणि लिपिक दिवसातून दहादा फोन करतो, ‘साहेब, कोड आला का?’ फोनवर कोड सांगायची अशी सवय लागली, की उद्या ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्यालाही तो सांगितला जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटदाराला लॉगिन मंजूर करण्याच्या सूचनांनी भंडावून सोडले गेले आणि शेवटी त्याने एकीला होकार दिला; चोर आत आला. म्हणून प्रत्येकाचे खाते वेगळे हवे, आणि आपण लॉगिन करत नसताना आलेली सूचना नाकारून लगेच कळवायची, हे शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना माहीत हवे.

कार्यकारिणीच्या येत्या सभेत हा विषय घ्या. प्रशासकाचे खाते, मुख्य ई-मेल आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर यांपासून सुरुवात करा, आणि नोकरी सोडून गेलेल्यांची खाती त्याच आठवड्यात बंद करा.