नफा कंपन्यांचा, खर्च मात्र आपल्या माथी?

आयटीतल्या बंधू-भगिनींनो, कॅबचालकांनो, कँटीन आणि साफसफाईच्या सहकाऱ्यांनो,

कोरोनात भलेभले उद्योग बसले, पण आयटी तरली, असे आजही अभिमानाने सांगितले जाते. ते खरेच आहे. 25 मार्च 2020 पासून देश बंद झाला आणि हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातले काम काही दिवसांतच घराघरांत गेले. जगभरातल्या बँका, दुकाने, दवाखाने घाईने ऑनलाइन झाले. त्यांच्या यंत्रणा आपण उभ्या केल्या आणि चालत्या ठेवल्या. नॅसकॉमच्याच आकड्यांप्रमाणे 2020-21 मध्ये 194 अब्ज डॉलरचा असलेला हा उद्योग पुढच्याच वर्षी 227 अब्जांवर पोहोचला.

आमचा सवाल एवढाच: या तरण्याची किंमत कोणी मोजली?

वाकडचा वन बीएचके आठवा. ओट्याशेजारच्या जेवणाच्या टेबलावर एकाचा लॅपटॉप, बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर दुसरीचा. मुलाची शाळा मोबाइलवर, आजींचा टीव्ही आवाज बंद करून. रात्री साडेअकराला अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल, सकाळी नऊला पुन्हा स्टँडअप. वीजबिल आपले, ब्रॉडबँड आपले, इन्व्हर्टर आपला आणि पाठदुखीही आपलीच. काही कंपन्यांनी खुर्चीसाठी, इंटरनेटसाठी भत्ता दिला, हे मान्य. वाढलेल्या तासांचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

ज्यांचे काम घरी नेता येत नव्हते, त्यांचे हाल तर कोणी विचारलेच नाहीत. ऑफिस बंद, म्हणून कॅब बंद. कर्जावर घेतलेली डिझायर महिनोन्‌महिने उभी. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2020 पर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. व्याज चालूच राहिले. पगार कापू नका, असा आदेश केंद्राने 29 मार्चला काढला आणि 18 मेपासून मागे घेतला. ट्रिपवर पैसे घेणाऱ्या चालकाला त्याचाही आधार नव्हता, कारण कागदोपत्री तो कोणाचा कामगारच नव्हता. कँटीन, मेस, पीजी, टपऱ्या, सगळ्यांची तीच गत.

मग गरज सरो, वैद्य मरो. टीसीएसने 2020 मध्ये जाहीर केले होते, की 2025 पर्यंत एका वेळी 25 टक्क्यांहून जास्त कर्मचाऱ्यांना ऑफिसात यावे लागणार नाही. ऑक्टोबर 2023 पासून त्याच कंपनीने आठवड्याचे पाच दिवस हजेरी मागितली. साडेसहा लाखांचे पॅकेज कबूल केलेल्या फ्रेशर्सना विप्रोने फेब्रुवारी 2023 मध्ये साडेतीन लाखांवर यायला तयार आहात का, असे विचारले.

कंपन्या म्हणतील, त्याच काळात पगारही वाढवले. वाढवले, कारण माणसे टिकत नव्हती. 2022 च्या एप्रिल-जून तिमाहीत इन्फोसिसमध्ये नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण 28.4 टक्क्यांवर गेले होते. बाजाराने दिलेले बाजारच काढून घेतो. टिकते ते फक्त करारात लिहिलेले. म्हणून आमच्या मागण्या लेखी हव्यात:

1. घरून काम करायला लावाल, तर वीज, इंटरनेट आणि बैठकीचा खर्च कंपनीचा, हे नेमणूकपत्रात लिहा.

2. लॉग-इनची मिनिटामिनिटाची नोंद कंपनीकडे असते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 जादा कामाला दुप्पट दर सांगतो. त्या नोंदीप्रमाणे हा दर द्या.

3. ऑफर लेटरमधला पगार आणि रुजू होण्याची तारीख कंपनीवर बंधनकारक करा. उशीर झाला, तर भरपाई द्या.

4. ऑफिस बंद ठेवावे लागले, तर कॅबचालक, सुरक्षारक्षक, कँटीन आणि सफाई कर्मचाऱ्यांना किमान तीन महिन्यांची कमाई मिळेल, अशी अट कंत्राटदाराशी होणाऱ्या करारात घाला.

मित्रांनो, संकट दारात आल्यावर अटी घालता येत नाहीत. तेव्हा मिळेल ते पदरात पाडून घ्यावे लागते. अटी घालायची वेळ आज आहे, ऑफिसे उघडी असताना. एकट्याने मेल केली, तर तेवढे एकच नाव टिपले जाते. म्हणून अख्ख्या टीमने मिळून एचआरकडे लेखी उत्तर मागा. चौथ्या मागणीवर सही करताना हात आखडता घेऊ नका. आपल्याला रात्री-बेरात्री सुखरूप घरी सोडणाऱ्यांची ती मागणी आहे. हे पत्रक वाचून झाले, की शेजारच्या डेस्कवर द्या आणि एक प्रत कॅबच्या चालकाच्या हातात द्या.

आपले,
हिंजवडी-वाकड परिसरातील आयटी कर्मचारी आणि कॅबचालक