विदूषकाचा चेहरा

विदूषक म्हटला की टोपी, घुंगरू आणि हास्याचा कल्लोळ आठवतो. वॉर्सा येथील राष्ट्रीय संग्रहालयातील एका चित्रासमोर मात्र हे हसू ओठांवरच थांबते. यान मातेय्को या पोलिश चित्रकाराने १८६२ मध्ये, ऐन तारुण्यात ते रंगविले.

सोळाव्या शतकातील पोलिश राजदरबाराचा विदूषक स्टान्चिक लाल पोशाखात खुर्चीवर एकटाच बसला आहे. हातांची बोटे एकमेकांत गुंतलेली, नजर शून्यात. विदूषकाची काठी जमिनीवर पडली आहे. पलीकडच्या दालनात राणी बोनाच्या दरबारचे नृत्य रंगले आहे. मेजावर पत्र आहे: सरहद्दीवरील स्मोलेन्स्क मॉस्कोच्या हाती गेले! खिडकीबाहेर आकाशात धूमकेतू दिसतो.

स्मोलेन्स्क पडले १५१४ मध्ये आणि बोना पोलंडची राणी झाली १५१८ मध्ये. म्हणजे प्रसंग कल्पित आहे; दुःख मात्र खरे. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी १७९५ पर्यंत पोलंड वाटून घेतला होता, आणि चित्रकार त्या पारतंत्र्यातच जन्मला होता. स्टान्चिकला त्याने चेहरा दिला तो स्वतःचाच.

विदूषक खिन्न दिसला की त्याचे काही खासगी दुःख असावे, असे आपण मानतो. येथे तसे नाही. माणसांतील विसंगती ज्याला अचूक दिसते, त्यालाच विनोद साधतो. आणि ज्याला विसंगती दिसते, त्याला संकटही आधी दिसते. राज्याचा एक लचका तुटला असताना दरबार नाचतो आहे, ही विसंगती स्टान्चिकला दिसली. तिच्यावर हसणे मात्र त्याला जमले नाही.

आमचे एक मामा प्रत्येक लग्नघर हसते ठेवीत. एका लग्नात ते जिन्याच्या पायरीवर गप्प बसून होते. येता-जाता आम्ही विचारीत राहिलो, “मामा, आज एकही किस्सा नाही?” ज्यांच्या घरचे ते कार्य होते, त्यांचेच कर्ज डोक्यावरून गेले होते आणि त्या मांडवात ते मामांना एकट्यांना ठाऊक होते, हे आम्हांला पुढे कळले. त्या दिवशी त्यांच्याजवळ घटकाभर बसावे, असे कोणालाही सुचले नाही.

हसविणारा माणूस गप्प झाला, तर त्याच्याकडे विनोद मागू नये. त्याच्या शेजारी बसावे आणि त्याला काय दिसते आहे, ते विचारावे.