बत्तिसाव्या सेकंदाला फोन का तुटतो?

ऑफिसातले इंटरनेटवरचे फोन अडखळायला लागले, की इंटरनेटवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं: ‘साहेब, वरचा प्लॅन घ्या.’ प्लॅन घेतला जातो, बिल वाढतं आणि आवाज तुटायचा तो तुटतोच. आवाज पाठवण्याच्या जी.७११ या जुन्या, भरवशाच्या पद्धतीत एका कॉलला येताजाता प्रत्येकी सेकंदाला ९० किलोबिटही लागत नाहीत. दहा जण एकदम बोलले तरी एका मेगाबिटच्या आत भागतं. मग वेग वाढवून साधणार काय?

आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पडतात आणि सेकंदाला ५० याप्रमाणे रवाना होतात. उशिरा पोचलेला तुकडा फेकूनच द्यावा लागतो. दुपारी अकाउंट्सचा बॅकअप क्लाउडवर चढायला लागला, की अपलोड तुंबतो. तेव्हा आपल्याला सगळं स्वच्छ ऐकू येतं, वैतागतो तो समोरचा! त्यामुळे ‘फोन बिघडलाय’ ही तक्रार मी तक्रारच मानत नाही. कोणाला कोणाचं ऐकू आलं नाही, किती वाजता, फोन आलेला की केलेला, एवढं रिसेप्शनच्या वहीत टिपलेलं असावं. नोंदी दुपारच्याच निघाल्या तर बॅकअप रात्रीवर ढकला, राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम द्या आणि टेबलावरचे फोन वायफायवरून काढून केबलवर आणा.

आवाज एकाच बाजूला पोचत असेल तर संशय राउटरवर. त्यात ‘एसआयपी एएलजी’ नावाची सोय असते. फोनच्या निरोपांतले पत्ते ती मदत म्हणून बदलते आणि बऱ्याचदा घोळ घालते. पहिल्यांदा ती बंद करून बघावी.

सगळ्यात मजेशीर तक्रार म्हणजे बोलणं छान चाललेलं असताना दर वेळी अर्ध्या मिनिटाच्या जरा पुढे फोन तुटणं. उचलणाऱ्याच्या यंत्राने ‘उचलला’ असं कळवलेलं असतं, पण त्याची पोच परत येत नाही. ते पुन्हा पुन्हा कळवत राहतं आणि ३२ सेकंदांनी नाद सोडतं. ही मुदत इंटरनेटवरचे फोन जोडण्याच्या २००२ सालच्या एसआयपी नियमावलीतच आहे. पोच अडते ती बहुधा राउटरच्या किंवा फायरवॉलच्या पत्त्यांच्या अदलाबदलीत. घड्याळ लावून हा आकडा पकडला, की निम्मा शोध तिथेच संपतो.

प्रतिध्वनीचं मात्र उलटं. आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत असेल, तर दोष बहुतेकदा पलीकडच्या स्पीकरचा. त्यांना तो बंद करायला सांगा, आपले हेडसेट बदलत बसू नका.