हैदराबादचे विलीनीकरण आणि विस्तारवादाचा आरोप

13 सप्टेंबर 1948 रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखालील फौज सोलापुराहून नळदुर्गाच्या वाटेने निजामाच्या मुलखात शिरली आणि 18 तारखेस निजामाच्या सेनापतीने त्यांच्यापुढे शरणागती पत्करली, ही हकीगत सोलापूरकरांस नव्याने सांगावयास नको. परंतु अमेरिकन प्रजासत्ताकाने बाल्यावस्थेतच पश्चिमेकडे जसे हातपाय पसरले, तसेच एक वर्षाच्या भारताने शेजारचे राज्य घशात घातले, असे म्हणणारे विद्वान आहेत, आणि त्यांना उत्तर देणे प्राप्त आहे.

1803 साली अध्यक्ष जेफर्सन यांनी नेपोलियनकडून दीड कोटी डॉलरांस लुइझियानाचा अफाट मुलूख खरेदी केला, तेव्हा तेथे पिढ्यानपिढ्या नांदणाऱ्या आदिवासी राष्ट्रांची संमती कोणी घेतली नाही. त्यापूर्वी 1787 च्या कायद्याने वायव्येकडील नव्या प्रदेशांस, साठ हजार स्वतंत्र रहिवासी होताच, मूळ राज्यांच्या बरोबरीचा दर्जा देऊ केला होता, आणि हे त्या प्रजासत्ताकाचे खरे मोठेपण होते. पण त्या समतेत मूळ रहिवाशांना वाटा नव्हता, आणि 1830 च्या हकालपट्टीच्या कायद्यानंतर चेरोकी लोकांना मिसिसिपीपलीकडे हाकलताना हजारो माणसे प्राणास मुकली. तेथे भूमी हवी होती. भूमीवरची माणसे नको होती.

हैदराबादेत माणसेच आधी उठली होती. ज्या स्टेट काँग्रेसवर 1938 साली स्थापनेपूर्वीच बंदी आली, तिचे सत्याग्रही स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली निजामाचे तुरुंग भरीत होते. आणि भारत व निजाम यांच्यातील जैसे थे करार कागदावर असताना निजामाची पाठराखण करणाऱ्या कासीम रझवीच्या सशस्त्र रझाकारांनी जो कहर मांडला, त्याला तोंड देण्यासाठी सोलापूर जिल्ह्याच्या सरहद्दीवर संस्थानातील तरुणांचे कॅम्प उभे राहिले. या रयतेला गिळंकृत झालेली प्रजा म्हणणे म्हणजे तिच्या दशकभराच्या झुंजीवर बोळा फिरविणे होय.

सार्वमत घेतले नाही, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. जुनागडात ते घेतले, हैदराबादेत घेतले नाही, आणि तेथे काही काळ लष्करी अंमल होता, हे नाकारता येत नाही. तरीही 1952 च्या निवडणुकीत त्याच संस्थानातील प्रौढ स्त्री-पुरुषांनी धर्म-जातीचा भेद न होता मतदान करून आपले विधिमंडळ निवडले. आणि 1956 साली संस्थानच भाषावार विभागले जाऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. जिंकलेल्या मुलखाला असा अधिकार मिळत नसतो.

पण मंडन करणाऱ्याने सोयीचे तेवढेच मांडू नये. पंडित सुंदरलाल समितीने, कारवाईच्या काळात व तिच्यानंतर 27 ते 40 हजार माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा अंदाज केला. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते, सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत सोलापूरच्या सीमेला लागून असलेला उस्मानाबाद होता, आणि तो अहवाल सरकारने दशकानुदशके दप्तरात दडपून ठेवला. रझाकारांच्या पापाचा दंड निरपराध गावकऱ्यांनी भरला, ही गोष्ट लपविल्याने विलीनीकरणाची न्याय्यता वाढत नाही, उलट विरोधकांच्या हाती शस्त्र जाते. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्याबरोबर कुर्बान हुसेन हेही ज्या सोलापूरचे हुतात्मे म्हणून फासावर चढले, त्याने 17 सप्टेंबरच्या मुक्तिदिनी या मृतांचाही उच्चार जाहीरपणे केला पाहिजे, आणि तो अहवाल मराठीत आपल्या शाळा-महाविद्यालयांतून वाचावयास दिला पाहिजे.